सेवांची निर्यात कशावर चालते? संभाजीनगरच्या एका ड्रॉइंग ऑफिसातून उत्तर

अंबाजोगाईला अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं : "सर, विकसनशील देशाचा सेवांचा परदेश व्यापार नेमका कशामुळे वाढतो? पुस्तकात मजुरीतला फरक हे पहिलं कारण दिलंय. तुम्ही वीस-पंचवीस वर्षं परदेशाला सेवाच विकताय, तुम्हाला काय दिसतं? आणि यात आपल्या मराठवाड्याला जागा आहे का?" प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा बैठक मारून उत्तर देतो.

बाळा, आधी पुस्तकातलं पहिलं कारणच घेऊ. स्वस्त माणूस मिळतो म्हणून सेवा निर्यात होत असती, तर हिंगोलीने पुण्याला कधीच मागे टाकलं असतं. पुण्यात ज्या पगाराला नवखा इंजिनिअर तयार होत नाही, त्याहून कितीतरी कमी पगारात हिंगोलीचा पोरगा आनंदाने काम करेल. तरी अमेरिकेचं काम पुण्याला जातं. देशांचंही तसंच आहे. भारतापेक्षा कमी पगार असलेले कितीतरी देश आहेत, त्यांच्याकडे कुणी कामं घेऊन जात नाही. मजुरीतल्या फरकामुळे गिऱ्हाईक आपल्याकडे वळून बघतं, हे खरं. काम देताना मात्र ते दुसरंच काही तपासतं.

जालन्याची सळई किंवा लातूरची तूरडाळ विकायची असली तर आधी नमुना जातो. समोरचा तो तपासतो, मग पुढची गाडी भरली जाते. सेवेचा असा नमुना नसतो. मी इमारतीच्या लोखंडी सांगाड्याचं जे ड्रॉइंग करून देणार आहे ते आज अस्तित्वातच नाही. गिऱ्हाईक ते न बघता विकत घेतं, आणि माझं चुकलं तर त्याची इमारत अडते. दहा हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या शब्दावर असा भरवसा कधी ठेवता येतो? त्या माणसाला नीट शिकवणारी कॉलेजं असतील, त्याची भाषा कळत असेल, त्याची लाइन आणि वीज टिकत असेल, त्याच्या बँकेत पैसे विनातक्रार पोचत असतील, वाद झाला तर कायदा असेल, आणि त्याच्या गावचा कुणीतरी आधीच इकडे येऊन चांगलं काम करून गेला असेल, तर. माझ्या अनुभवात देशाच्या सेवा निर्यातीचा गाडा या सगळ्यावर चालतो. यातलं एक चाक निखळलं की मजुरी कितीही कमी असो, गाडा जागचा हलत नाही.

पुढे जायच्या आधी सेवांचा व्यापार म्हणजे काय ते पक्कं कर, कारण इथे भलेभले गोंधळतात. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि सेवांच्या व्यापाराचा सर्वसाधारण करारही तेव्हापासून लागू झाला. त्याने सेवा विकण्याचे चार प्रकार मानले आहेत. सेवा सीमा ओलांडून जाते : मी इथे बसून केलेलं ड्रॉइंग अमेरिकेतल्या ओहायोला जातं. गिऱ्हाईक आपल्या दारी येतं : कॅनडातला शीख यात्रेकरू नांदेडला हुजूर साहिबला येतो, हॉटेलात राहतो, टॅक्सी करतो, ती आपली निर्यात. तसंच जपानी पर्यटक वेरूळ-अजिंठ्याला येतो तेव्हा. तिसऱ्या प्रकारात कंपनीच परदेशात शाखा उघडते, म्हणजे बँक, विमा, हॉटेल. चौथ्यात माणूस स्वतः काही काळासाठी तिकडे जाऊन काम करून येतो.

दुसरा प्रकार उलट दिशेनेही चालतो. लातूरला शिकवण्या करून, वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देऊन, इथे जागा न मिळाल्यावर जी मुलं रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्सला एमबीबीएसला जातात, ती आपल्या देशाची सेवा आयात. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि 'ऑपरेशन गंगा'तून सुमारे १८ हजार भारतीयांना परत आणावं लागलं, त्यात बहुतेक विद्यार्थीच होते. मराठवाड्यातल्या अनेक घरांत ते दिवस कसे गेले ते तुला ठाऊक असेल. शेत विकून भरलेली ती फी देशाच्या हिशेबात 'प्रवास' या सदरात, सेवा आयात म्हणून पडते.

आणखी एक. आखातात पाच-दहा वर्षं राहून काम करणाऱ्या आपल्या माणसाने घरी पाठवलेले पैसे सेवांच्या निर्यातीत धरत नाहीत. एक वर्षापेक्षा जास्त राहिला की तो हिशेबात तिथला रहिवासी होतो आणि त्याचे पैसे वेगळ्या खात्यात जातात. २०२३-२४ मध्ये अशी रक्कम साधारण १२ हजार कोटी डॉलर होती. प्रबंधात हे दोन आकडे एकत्र करू नकोस. परदेशी शाखांची विक्रीही या आकडेवारीत येत नाही, त्यामुळे तिसरा प्रकार कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो.

आता आवाका सांगतो. २०००-०१ मध्ये भारताची सेवा निर्यात सुमारे १,६०० कोटी डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती ३४ हजार कोटी डॉलरच्या वर गेली, त्यातला जवळजवळ अर्धा वाटा संगणक सेवांचा. त्याच वर्षी वस्तूंच्या व्यापारात आपल्याला सुमारे २४ हजार कोटी डॉलरची तूट आली आणि सेवांत १६ हजार कोटींच्या आसपास शिल्लक राहिली. म्हणजे बाहेरून घेतलेल्या तेला-सोन्याच्या बिलाचा मोठा भाग या न दिसणाऱ्या मालाने भागवला.

मी यात कसा आलो ते सांगतो, कारण त्यातच तुझ्या प्रश्नाचं बरंच उत्तर आहे. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी अकरा वर्षं काढली. २००१ मध्ये सिडकोतल्या दोन खोल्यांत चार पोरं घेऊन स्टील डिटेलिंगचं काम सुरू केलं. अमेरिकेत शाळा, गोदाम, दवाखाना लोखंडी सांगाड्यावर उभा राहतो. त्या सांगाड्याच्या प्रत्येक तुळईची लांबी, प्रत्येक बोल्टचं भोक, प्रत्येक वेल्ड दाखवणारं शॉप ड्रॉइंग लागतं. फॅब्रिकेटर त्यावरून लोखंड कापतो. तिकडचा डिटेलर तेव्हा तासाला चाळीस-पंचेचाळीस डॉलर घ्यायचा, मी अकरा सांगितले.

या फरकावर मला काम मिळालं असं तुला वाटेल. पहिल्या आठ महिन्यांत मी साठ-सत्तर फॅब्रिकेटरांना पत्रं पाठवली, सगळ्यांना अकरा डॉलरच सांगितले, आणि एकानेही काम दिलं नाही. काम मिळालं ते मामेभावामुळे. तो ओहायोत एका बांधकाम कंपनीत होता. त्याने आपल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरला सांगितलं, "माझ्या आत्याचा मुलगा आहे, चुकलं तर मला धरा." त्याच्या या एका वाक्याने जे झालं ते माझ्या दराने आठ महिन्यांत झालं नव्हतं. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा इतिहासही फार वेगळा नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडे गेलेले इंजिनिअर त्यांच्या कंपन्यांत वर चढले, आणि काम बाहेर द्यायची वेळ आली तेव्हा 'भारतात होईल का' या प्रश्नाला 'हो' म्हणणारा माणूस त्या बैठकीतच बसलेला होता. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असल्याने झालेल्या सन २००० च्या तारखेच्या घोळाने, ज्याला वायटूके म्हणतात, अमेरिकेला एकदम हजारो हात लागले. ते काम आपण वेळेत आणि धड करून दिलं म्हणून पुढचं मोठं काम मिळालं.

दुसरी गोष्ट लाइनची. पहिल्या कामाची फाइल ४० एमबीची होती. डायल-अपवरून ती पाठवायला जवळजवळ तीन तास लागायचे, आणि अडीच तासांनी लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मग फाइल झिप करून तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, एक गेला की वहीत टिक करायची. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएसच्या पिंपिंग आवाजाकडे सगळ्यांचे कान. भारनियमनाच्या वर्षांत माझ्या खर्चात पगाराखालोखाल डिझेल होतं. अकरा डॉलरातला स्वस्ताईचा बराच भाग जनरेटरच प्यायचा.

अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं, की तंत्रज्ञान सेवेला माणसापासून सुटं करतं, आणि अशी सुटी झालेली सेवा विकसनशील देश विकू शकतील. सेवा सुटी झाली तरी तिला जायला वाट लागते, आणि ती वाट देशाला बांधावी लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीने १९८५ मध्ये बंगळुरूत केंद्र काढलं तेव्हा अमेरिकेशी जोडणारी उपग्रहाची लाइन त्यांना स्वतंत्र उभारून घ्यावी लागली. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही संस्था काढली. तिने अशा लाइन छोट्या कंपन्यांनाही भाड्याने दिल्या आणि यंत्रं जकातीशिवाय आणू दिली. आपल्याकडे औरंगाबादलाही तिचं केंद्र झालं. २००२ मध्ये परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि दर धडाधड कोसळले. माझी लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन, त्यानंतरच परवडायला लागली. केनियाकडे बघ : २००९ मध्ये मोंबासाला समुद्राखालची केबल पोचेपर्यंत सगळी भिस्त महागड्या उपग्रहावर होती. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या, शिकलेल्या, कमी पगाराच्या पोरांची मजुरी २००८ मध्येही स्वस्तच होती. वाट नव्हती, म्हणून त्यांना तोवर बाहेरचं काम मिळणं अवघड होतं.

तिसरी गोष्ट कसबाची, आणि इथे मला मनापासून बोलायचं आहे, कारण पुस्तकं 'मानवी भांडवल' एवढं म्हणून पुढे जातात. पदवी म्हणजे कसब नव्हे. माझ्याकडे आलेली पहिली चांगली पोरं वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतून आली होती. चिकलठाण्याची एमआयडीसी, मग १९८५ ला वाळूजला आलेला बजाजचा कारखाना आणि त्याच्या भोवती उगवलेली शेकडो छोटी वर्कशॉपं : या सगळ्यांनी दोन पिढ्यांना ड्रॉइंग वाचायला शिकवलं. लेथवर उभा राहिलेला पोरगा कागदावरची रेघ पाहून सांगतो की इथे पाना फिरायला जागा उरणार नाही. हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. म्हणून 'आधी कारखाने की आधी सेवा' हा वाद मला फार पटत नाही. आमची सेवा कारखान्याच्या पोटातून निघाली. कोस्टारिकात इंटेलने १९९७ मध्ये चिपचा कारखाना काढला, २०१४ मध्ये तिथली जुळणी बंद करायचं ठरवलं, पण इंजिनिअरिंगचं आणि सेवांचं काम तिथेच ठेवलं. कारखान्याने तयार केलेली माणसं कारखाना गेल्यावरही कामाची राहिली.

भाषेचंही तसंच. फिलिपिन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेचं राज्य होतं. शाळा इंग्रजीत झाल्या, उच्चार अमेरिकी वळणाचे झाले, आणि फोनवर बोलण्याच्या कामात पुढे त्यांनी भारतालाही मागे टाकलं. आपल्याकडे मुंबई-पुण्याला इंग्रजी शाळा-कॉलेजं एकोणिसाव्या शतकातच मिळाली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं ते १९५० मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. पुण्याच्या मानाने आपली सुरुवातच कितीतरी उशिराची. सेवांच्या व्यापारात ही उशिराची सुरुवात नंतर कित्येक दशकं दिसत राहते. आपल्या लेकरांत अक्कल कमी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही सनावळी सांगतो.

आता भरवसा कसा बसतो आणि कसा जातो, त्याचा एक प्रसंग. २००४ ची गोष्ट. पैठणकडचा एक हुशार मुलगा नुकताच लागला होता. अमेरिकी मापं फूट-इंचात असतात, आपली पोरं मिलिमीटरवर वाढलेली. कागदावर 'एक फूट सहा इंच' होतं, त्याने संगणकात सोळा इंच भरलं. एक फूट सहा म्हणजे अठरा. दोन इंचांचा फरक. ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकरच्या नजरेतूनही ते सुटलं, कारण त्या रात्री तीन कामं एकदम द्यायची होती. सव्वीस तुळयांना भोकं चुकीच्या जागी पडली. साइटवर क्रेनने पहिली तुळई वर नेली तेव्हा बोल्ट बसेना. क्रेनचं भाडं तासावर, माणसं उभी. पहाटे चार वाजता माझा फोन वाजला.

चूक कुणाची यावर मी एक शब्द बोललो नाही. दुरुस्तीचं ड्रॉइंग त्याच दिवशी पाठवलं आणि त्यांनी लावलेला चार हजार डॉलरांच्या वरचा बॅकचार्ज, म्हणजे चुकीची भरपाई, मान्य केला. तो आमचा दोन महिन्यांचा नफा होता. घरात आईने विचारलं, न भरता चालणार नाही का, ते काय इथवर येणार आहेत? कायद्याने त्यांना इथवर येणं खरंच जड गेलं असतं. एवढ्या रकमेसाठी ओहायोचा माणूस औरंगाबादच्या कोर्टात दावा लावत नाही. नेमकं हेच त्या फॅब्रिकेटरलाही माहीत होतं, आणि म्हणूनच मी पैसे भरल्यावर त्याने आपल्या दोन स्नेह्यांना माझं नाव दिलं. जिथे कोर्ट लवकर निकाल देतं आणि करार पाळला जातो, तिथे नव्या माणसालाही पहिल्या दिवशी काम मिळतं. जिथे ते होत नाही, तिथे प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून आपली पत उभी करावी लागते, आणि ज्याच्याकडे दोन महिन्यांचा नफा गमवायची ताकद नाही तो बाहेर पडतो. देशाच्या न्यायव्यवस्थेचा आणि सेवा निर्यातीचा संबंध मला त्या पहाटे कळला. विदा-सुरक्षेचंही, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचंही, हेच : युरोपचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि तिथल्या लोकांची माहिती हाताळणाऱ्या आपल्या कंपन्यांना तो पाळणं भाग पडलं. आपला स्वतःचा कायदा २०२३ मध्ये आला.

बँकेचं सांगायलाच हवं. माझे पहिले डॉलर आले तेव्हा शाखेतल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "शिपिंग बिल कुठंय?" मी म्हटलं, साहेब, माल काहीच गेला नाही, ड्रॉइंग गेलं. "मग निर्यात कसली? कस्टमचा शिक्का आणा." इंटरनेटवरून गेलेल्या फाइलवर कस्टमवाला शिक्का कुठे मारणार? पैसे एकवीस दिवस अडकले, आणि इकडे पगाराची तारीख उलटली. शेवटी मुंबईच्या त्यांच्या परकीय चलन विभागाकडून पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाबद्दल आले ते सांगणारा क्रमांक, आणि कागदांची यादी आली तेव्हा रक्कम जमा झाली. त्या साहेबांचा राग मी धरला नाही. त्यांनी आयुष्यात सेवांची निर्यात पाहिलेलीच नव्हती. पुण्याच्या शाखेत हे काम रोजचं असतं, तिथला कारकून डोळे झाकून कोड टाकतो. आपल्या भागात अशी पायरी पायरीला अडखळण असते आणि ती कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

कराचं थोडक्यात सांगतो. जीएसटीत सेवांच्या निर्यातीवर कर शून्य आहे, हमीपत्र दिलं की कर न भरता बिल काढता येतं, आणि वर्षाला वीस लाखांच्या आतल्या उलाढालीला सहसा नोंदणीही लागत नाही. दर ठीक आहे. त्रास परताव्याला लागणाऱ्या वेळाचा असतो, कारण छोट्याचं भांडवल तिथे अडकून पडतं.

रुपयाबद्दल मला नेहमी विचारतात. रुपया पडला की आम्हाला बरं, हे खरं. २००८ च्या जानेवारीत डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता तेव्हा आमचा जीव मेटाकुटीला आला होता. पण त्याच वर्षाच्या शेवटी डॉलर पन्नासकडे गेला आणि माझ्याकडे काम शून्य होतं! अमेरिकेतली बांधकामं थांबली होती. ऑक्टोबरमध्ये सकाळी मेल उघडायचो तर इनबॉक्स रिकामा. गिऱ्हाईकाच्या देशाचं उत्पन्न आणि तिथली मागणी ही गोष्ट रुपयाच्या दरापेक्षा कितीतरी मोठी आहे. तुझ्या पुस्तकात व्यापाराचं गुरुत्वाचं सूत्र असेल : दोन देशांचं उत्पन्न जितकं मोठं तितका व्यापार जास्त, अंतर जितकं जास्त तितका कमी. सेवांना ते लागू पडतं, फक्त अंतराचा अर्थ बदलतो. ओहायोचं घड्याळ आपल्या साडेनऊ-साडेदहा तास मागे चालतं. त्यांनी संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिवसा काम करून त्यांच्या सकाळच्या चहापर्यंत देतो. ड्रॉइंगवाल्याला ते अंतर फायद्याचं, फोनवर बोलणाऱ्याला त्यासाठी रात्र जागावी लागते.

सगळ्या सेवांवर एकच वारा वाहत नाही हेही लक्षात ठेव. २०१९ मध्ये भारतात एक कोटी नऊ लाख परदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये सत्तावीस लाख. माझा एक शाळासोबती वेरूळला गाइड आहे, जपानी शिकलेला. त्या वर्षी त्याने भाजीचा गाडा लावला. त्याच काळात संगणक सेवांची निर्यात वाढत होती, कारण सगळं जग घरी बसून पडद्यावर आलं होतं.

आता दारांबद्दल. वस्तूला सीमेवर जकात लागते, सेवेला परवाना आणि व्हिसा. मी वीस वर्षं अमेरिकी इमारतींची ड्रॉइंगं केली, पण तिथल्या संरचनेच्या आराखड्यावर शिक्का त्या राज्याचा परवाना असलेल्या इंजिनिअरचाच लागतो. त्यामुळे डोक्याचं, चांगल्या पैशाचं काम तिकडे राहतं आणि हाताचं आपल्याकडे येतं. माझ्या एका चेकरला साइटवर महिनाभर पाठवायचं होतं, दोनदा व्हिसा नाकारला. एच-वन-बी या अमेरिकेतल्या कुशल नोकरीच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५ हजार, तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. चौथ्या प्रकारावर श्रीमंत देशांनी कडीच घातली आहे, आणि विकसनशील देशांकडे माणसंच जास्त असल्याने ती नेमकी त्यांनाच लागते. आपली दारंही बघावीत. परदेशी सेवा आत येऊ दिली की घरची निर्यात मरते असं नेहमी म्हणतात, माझा अनुभव उलटा आहे. दूरसंचाराचं क्षेत्र खुलं झालं तेव्हाच माझी लाइन स्वस्त झाली. विम्यात परदेशी मालकी २००० मध्ये २६ टक्के, २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ टक्क्यांपर्यंत गेली. चांगला विमा, चांगली बँक, चांगली लाइन हा सेवा निर्यातदाराचा कच्चा माल आहे.

मग मराठवाड्याला जागा आहे का? या व्यापारात गर्दीकडेच गर्दी जाते. परदेशी कंपन्यांची १,७०० हून जास्त स्वतःची केंद्रं भारतात आहेत, आणि त्यातली बहुसंख्य बंगळुरू, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली या सहा ठिकाणी. कारण सोपं आहे : एक चेकर सोडून गेला तर पुण्यात आठवड्यात दुसरा मिळतो, मला चार महिने लागतात. समृद्धी महामार्गाने जालना-संभाजीनगर मुंबईला जवळ आलं, पण मधल्या फळीच्या अनुभवी माणसांची टंचाई रस्त्याने भरत नाही. आणि जिथे आपल्याकडे जगात कुणाकडे नाही असं काही आहे, तिथेही आपणच अडवतो. वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा आहे, तरी अजिंठ्याचा रस्ता वर्षानुवर्षं खोदलेला राहिला. तो गाइड मित्र सांगायचा, जपानी म्हातारी माणसं अजिंठ्याहून परत येताना गाडीत पाठीला उशी लावून डोळे मिटून बसायची, आणि परत गेल्यावर आपल्या लोकांना काय सांगायची ते विचारायची गरज नव्हती.

तरी एक गोष्ट मला गेल्या चार-पाच वर्षांत नवी दिसली. टाळेबंदीत माझ्या ऑफिसातल्या दोन मुली आपापल्या गावी गेल्या, एक तुझ्याच अंबाजोगाईला, एक परभणीला. दोघी आजही तिथूनच तपासणीचं काम करतात. फायबर आलंय, इन्व्हर्टर आहे, कामात तसूभर फरक नाही. पण या दोघींनी आधी सात-सात वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसून काम केलेलं आहे. त्यानंतर मी गावाकडून दोन नवी मुलं घरबसल्या शिकवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चुकलेली रेघ पडद्यावर दाखवता येते, पण ती का चुकली हे शेजारी बसल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नाही. त्यामुळे सध्या माझा नेम असा : पहिली दोन वर्षं संभाजीनगरला, मग हवं तर आपल्या गावी.

तुझ्या प्रबंधासाठी एक सुचवतो. देशांची आकडेवारी घेऊन समीकरण मांडशीलच. त्याच्या जोडीला चिकलठाण्याला ये, परदेशाला सेवा देणाऱ्या दहा-बारा छोट्या फर्म मी गाठून देतो. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचार : पहिलं काम कुणाच्या ओळखीने मिळालं, पहिले पैसे जमा व्हायला किती दिवस लागले, आणि पहिली मोठी चूक झाली तेव्हा काय केलं. माझ्याकडे २००१ चं पहिलं इन्व्हॉइस आणि फाइलींच्या तुकड्यांपुढे टिक केलेली ती वही दोन्ही आहेत. येशील तेव्हा काढून ठेवतो.